रबाळ्याच्या टाइम ऑफिसमधून, सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्याच्या दवाखान्यात तुम्ही नोकरी केलीत आणि निवृत्तीनंतर आमच्यासारख्या लहान युनिटांच्या, हजेरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसवाल्यांना शिकवायला रबाळ्यात येत राहिलात. त्याचे आभार चारचौघांत मानायचे म्हणून हे उघड पत्र. तुम्हाला संकोच वाटणार, पण इलाज नाही.

सुरक्षेचं प्रशिक्षण म्हटलं की आमच्याकडे ४ मार्चचा सुरक्षा दिन, शपथ, छातीला बिल्ला आणि वर समोसा. तुम्ही थेट ॲक्सिडेंट बुक उघडायला लावलंत. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळाचा, फॉर्म ११. त्यात कामगाराने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेली नोंद म्हणजेच मालकाला दिलेली रीतसर सूचना, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? मग तुम्ही पैशांवर आलात. इजा कामावर झाल्याचं कागदावर असेल तर मजुरीच्या ९० टक्के, तेही काम करता येत नाही तोवर, आणि वर्गणी किती दिवस भरली हे कुणी विचारत नाही. तीच इजा ‘घरी पडला’ म्हणून गेली तर आजारपणाचा लाभ: ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, तोही वर्गणीचे दिवस भरले असतील तरच. ठेकेदाराकडे नुकत्याच लागलेल्या पोराच्या हाती मग काहीच नाही. हे आकडे फळ्यावर आले तेव्हा मागच्या बाकावरचे मोबाइल खाली गेले.

‘हाताला लागलं’ एवढं तुम्हाला कधीच पुरलं नाही. कोणता हात, कोणतं बोट, कोणतं मशीन, त्या क्षणी नेमकं काय चाललं होतं, कोणी पाहिलं. कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ दिसला की लाल पेन निघायचं. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपच्या नोंदी तुमच्या पद्धतीने होऊ लागल्या आणि दिसलं की बोटं सापडतात ती प्रेस चालवताना कमी, डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला पत्रा काढताना जास्त. सुपरवायझर हे तोंडी केव्हापासून सांगत होता, पण त्याचं ऐकतो कोण! रजिस्टरमध्ये तारीखवार दिसल्यावर मालकांनी चिमटे आणले आणि गार्ड उघडलं की प्रेस थांबेल अशी सोय करून घेतली.

तेव्हाच्या कारखाने कायद्याचं कलम ८८ शिकवताना मात्र तुमचा आवाज चढला होता. इजेमुळे ४८ तास किंवा जास्त काम करता आलं नाही तर निरीक्षकांना कळवायचं. ते टाळायला काही ठिकाणी बँडेज बांधलेल्या माणसाला गाडी पाठवून आणतात, खुर्चीत बसवतात आणि हजेरी लावतात. त्या हजेरीला तुम्ही काय म्हणालात ते इथे लिहीत नाही.

अमेरिकन गिऱ्हाइकाचा अपघातांच्या माहितीचा तक्ता आला तेव्हाही तुमच्याकडेच धाव घेतली. तिकडच्या ‘ओशा’च्या, म्हणजे कामगार-सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात टाके पडले की नोंद, माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला तरी. नुसतं टीटीचं इंजेक्शन मात्र प्रथमोपचारात जमा. त्यांचा अपघातांचा दर कामाच्या २ लाख तासांवर निघतो, म्हणजे १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे. आपल्या आयएस ३७८६ या भारतीय मानकात १० लाख मनुष्य-तास. त्यामुळे तेच अपघात आपल्या हिशेबात पाचपट दिसतात. मालकांना क्षणभर वाटलं, अमेरिकेचा फॉर्म भरला की कारखाना आपोआप सुधारतो. तुम्ही हसलात, मग दोन्ही गणितं त्यांच्याकडूनच करून घेतलीत.

आता नव्या कामगार संहितांमुळे नमुने बदलतायत आणि शेजारच्या गाळ्यांतली मंडळीही विचारतायत. दिवाळीनंतरची एखादी तारीख द्या. वर्ग तळमजल्यावर ठेवते, तुमच्या गुडघ्यांना जिना नको. मानधनाचं मालकांशी बोलून झालंय, या वेळी पाकीट परत करू नका.

तुमची,
टाइम ऑफिसमधली विद्यार्थिनी