गहू अंधारात ठेव, आई

पालेर्मो, सिसिली
रविवार, ८ मार्च २०२६

प्रिय आई आणि पप्पा,

जय येशू.

मी बरी आहे. हे आधीच लिहिते, कारण आई पहिली हीच ओळ शोधणार. थंडी सरली, खोकला गेला, पगार वेळेवर होतो. कागदावर लिहायचं कारण एवढंच की फोनवर जरा लांबण लागली की पप्पा "बरं बरं, घे, आईशी बोल" करतात. टपाल पोचेपर्यंत इस्टर उलटून जाईल, म्हणून पानांचे फोटो छोटीला आजच पाठवतेय. छोटे, तू मोठ्याने वाचून दाखव, आणि शेवटचं पान आधी उघडू नकोस.

आधी कपाळाचं. इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी व्हिडिओवर माझं कपाळ कोरं दिसलं, ते आईने दोन दिवस पोटात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी छोटीकरवी विचारलं. गेले होते गं देवळात. इथे कपाळावर क्रूस काढत नाहीत. आपण मान खाली घालायची, फादर चिमूटभर कोरडी राख टाळूवर शिंपडतात. शब्द तेच, "पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." विधीच्या पुस्तकात राख डोक्यावर ठेवावी एवढंच म्हटलंय, त्यामुळे आपलंही बरोबर आणि यांचंही. यांची राख ऑलिव्हची असते, कारण इस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी बहुतेकांच्या हातात ऑलिव्हच्या फांद्याच असतात. कोरड्या राखेचा एक फायदा आहे, पप्पा. राखेत पाणी मुरलं की त्याचं क्षारपाणी होतं, आणि आदल्या रात्री कालवून ठेवलेली राख कपाळाला चावते, लहान मुलांना तर जास्तच. तुम्ही झावळ्या जाळून राख मलमलीतून दोनदा चाळता ते उत्तम, फक्त पुढच्या वर्षी ती ऐनवेळी आणि जेमतेम ओली करा.

आता खाण्याचं. नियम तिथे आणि इथे एकच आहे. उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाला: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. मांसवर्ज्य मात्र राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी, वय १४ पासून पुढे. आजारी माणसाला सूट. यापलीकडे मी काही करत नाही. शुक्रवारी तारल्या घालून पास्ता होतो, त्यात रानबडीशेपेचा पाला, चव आपल्या बोंबलाच्या जवळपासही जात नाही पण पोट भरतं. आणि आई, तू साठी ओलांडलीस, तुला उपवासाचं बंधनच नाही. तरी तूच चाळीस दिवस चहा सोडून बसतेस आणि वर मला विचारतेस, नीट खातेस ना!

मिस्सा इटालियनमध्ये असते, पण क्रम तोच, त्यामुळे कुठे उठायचं, कुठे बसायचं ते चुकत नाही. वाचनंही तीच. आज विहिरीवरची शोमरोनी बाई, पुढच्या रविवारी जन्मांध, २२ तारखेला लाझरस. तुम्ही सकाळच्या मिस्सेत ऐकता तेच मी साडेचार तासांनी ऐकते. पाप निवेदनाचं विचारलं होतंत, तर शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) केरळचे एक फादर आहेत, ते इंग्रजीत ऐकतात. झालंय माझं, काळजी नको.

या पत्राचं खरं कारण दुसरंच आहे.

इथे उपवासकाळ अर्धा झाला की बायका कपाटात गहू पेरतात. हो, कपाटात. सिसिलीत त्याला लावुरेद्दी म्हणतात. इस्टरआधीच्या आज्ञा गुरुवारी ते पिवळट पांढरे अंकुर देवळात नेऊन पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकरी जिथे ठेवतात त्या, बाजूच्या वेदीपुढे मांडतात. फोनवर सांगितलं तेव्हा पप्पा लगेच म्हणाले, म्हणजे शेजारच्या काकूंचे घटच की! दिसायला तसंच आहे, मान्य. पण काकू पत्रावळीत शेतातली माती घेतात आणि देवीपुढे नऊ दिवस ठेवतात. इथे माती नाही, देव नाही, दिवाही नाही, नुसता अंधार. त्यामागे बायबलमधलं योहानाचं वचन आहे, १२:२४: गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो. प्रथा ख्रिस्ती धर्माहूनही जुनी असावी असं अभ्यासक म्हणतात, ग्रीक बायका अदोनिस या त्यांच्या देवासाठी कुंड्यांत असंच काही उगवत. असेना का, उपवासकाळाआधीच्या आपल्या इंत्रूज सणाचं मूळ तरी कोण शोधत बसतं?

आता कृती सांगते, नीट, कारण आई, यंदा तुला एक ताटली करायची आहे.

खोलगट ताटली घे, साधारण २० सेंटीमीटरची. तळाला बोटभर जाडीचा कापूस पसर, वैद्यकीय कापूसच, गादीचा नको, तो पाणी धरत नाही. गहू ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे दाण्याला दाणा लागेल असा एकच थर. दोन थर केले की खालचा कुजतो. लोकवन चालेल. दलिया, कांडलेला किंवा फुटका गहू उगवत नाही. वर्षाच्या साठवणीतला, एरंडेल चोळलेला असेल तर कोमट पाण्यात दोनदा धुऊन घे, तेलकट दाणा पाणी पीत नाही. कृषी केंद्रातलं गुलाबी बियाणं मात्र आणू नकोस, त्याला औषध लावलेलं असतं आणि नंतर कोंबड्या टोचतील. शंका असेल तर आधी २० दाणे ओल्या फडक्यात तीन दिवस बांधून ठेव. पंधराच्या खाली उगवले तर गहू बदल.

रात्रभर भिजवायचा, सकाळी निथळून ओल्या कापसावर पसरायचा, आणि ताटली अंधारात. इथे १५ ते १८ अंशांत तीन आठवडे लागतात, म्हणून इथल्या बायका येत्या गुरुवारी, १२ तारखेला बसवतील. आपल्याकडे मार्चच्या उकाड्यात दहा दिवस पुष्कळ झाले. तू सोमवारी २३ तारखेला बसव, आणि दुसरी ताटली २५ ला, पहिली बिघडली तर असावी म्हणून. जागा माजघरातली, माठाशेजारची. चुलीकडची भिंत नको. पत्र्याखालची माडी तर नकोच नको.

अंधार का, तर उजेड नसला की पानात हिरवा रंग धरत नाही. देठ उजेड शोधत सरळ वर धावतात, लांब, नाजूक, मेणाच्या रंगाचे. दिवसातून चारदा दार उघडून बघितलंस तर शेंडे हिरवे होतील आणि सगळी शोभा गेली. (छोटी उघडणार, मला माहीत आहे.) पाणी एक दिवसाआड, चमच्याने कडेने, कापूस ओला राहील इतकंच. ताटली तिरकी केल्यावर पाणी वाहिलं तर ते जास्त झालं, ओतून टाक. वसईच्या दमट हवेत बुरशीची भीती इथल्यापेक्षा खूप जास्त. तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरी लव दिसेल, घाबरू नकोस, ती मुळांचीच लव असते, पाणी शिंपडलं की बसते. बुरशी करडी असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवरून जाते आणि आंबूस वास मारते. थोडीच असेल तर तेवढा कापूस कापून काढ. सगळीकडे पसरली तर ताटली टाकून दे, दुसरी आहेच.

वीतभर उंच झाले की अंकुर बाहेर कलतात. कमरेशी लाल फीत सैल बांधायची, घट्ट बांधली तर देठ मोडतात. काही बायका कडेने मसूर पेरतात. तो बुटका राहतो आणि कडेची जागा भरून काढतो. देवळात नेताना वरून पातळ फडकं टाक, उन्हात चालत नेलंस तर अर्ध्या तासात माना टाकतील. मांडल्यावर समया आणि मेणबत्त्यांपासून हातभर लांब. ताटली गुरुवारच्या मिस्सेच्या थोडंच आधी न्यायची. इस्टर झाल्यावर ते अंकुर कचऱ्यात टाकत नाहीत, वाडीत केळीच्या बुंध्याशी पुर.

ही मांडणी कुठे करायची ते पप्पांना सांगायला नको, ती वेदी तेच सजवतात. तरी फादरांना आधी विचारा, पप्पा. गुड फ्रायडेला कुठेच मिस्सा नसते, त्यामुळे त्या दिवसाचा ख्रिस्तप्रसाद गुरुवारीच पवित्र करून बाजूच्या वेदीवर ठेवतात. इथले लोक त्या वेदीला सेपोल्क्री म्हणतात, म्हणजे कबरी. १९८८ साली रोमने परिपत्रक काढून सांगितलं की तिला कबरीचं रूप देऊ नये, तो शब्दही वापरू नये, कारण ती ख्रिस्तप्रसाद जपायची जागा आहे, दफनाची नाही. फादर सांगतात, आज्या मान डोलावतात आणि सेपोल्क्रीच म्हणतात. तुम्ही सजवाल तेव्हा काळं कापड किंवा दगडांची गुहा नको, पांढरं वस्त्र, थोडी फुलं आणि गहू. त्या रात्री इथे लोक पायी एकाहून जास्त देवळांतल्या वेद्या बघतात, पण संख्या विषम हवी, तीन, पाच किंवा सात. चार झाली की पाचवं देऊळ शोधत निघतात! बारानंतर गजबज थांबवायची, मग नुसती शांत प्रार्थना. गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तोत्र झाल्यावर मुक्या झालेल्या घंटा शनिवारी रात्रीच वाजणार, तोवर लाकडी खडखडा.

क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची ती मुक्कामांची प्रार्थना, इथे बहुतेक देवळातच होते. आपल्यासारखी वाडीवाडीतून, शेताच्या बांधावरून, बॅटरी घेऊन नाही. पप्पा, चौदा मुक्कामांना चौदा वेळा गुडघा टेकायची जबरदस्ती नाही, वाकून मान लवली तरी पुरते. डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग ऐका. मी तिथे असते तर हाताला धरलं असतं. छोटी धरेल.

आता छोटीचं. मे महिन्यातली तारीख फादरांकडे पक्की झाली हे वाचून एकटीच हसत बसले होते. उपवासकाळात लग्न नको हा गेलेल्या आजीचा हट्ट तुम्ही मोडला नाहीत तेही बरं केलंत. बाप्तिस्म्याचे दाखले सहा महिन्यांच्या आतले लागतात, दोघांचेही आत्ताच काढा, मुलाचा धर्मग्राम वेगळा आहे, तिथून यायला वेळ लागतो. देवळात तीन रविवार नावं वाचतील, ती इस्टरनंतर सुरू झाली तरी वेळेत बसतात.

मी येत नाही. हे मला सरळच लिहायचं होतं. ज्या आजींकडे मी असते त्यांची मुलगी ऑगस्टमध्येच सुट्टीवर येते, त्याआधी मला रजा मागता येत नाही. आणि खरं सांगायचं तर तिकिटाच्या पैशांत तुमचा मंडप आणि बँड दोन्ही होतात. नेहमीचे ५०० युरो १० तारखेला निघतील. छोटीसाठीचे १,२०० एप्रिलअखेर वेगळे येतील, ते एजंटाच्या हप्त्यात मिसळू नका, पप्पा. एजंटाचे जूनमध्ये संपतात. सोनाराला आधी अर्धेच द्या. आई, तुझ्या बांगड्या मोडायच्या नाहीत, मी छोटीला विचारणार आहे.

मावशीने आणलेल्या स्थळाचं मी वाचलं. मुलगा चांगला असेलच, मी नाही म्हणत नाही. पण धाकटीचं आधी होतंय म्हणून लोक काय म्हणतात ते मला कळवू नका, मला कळतं. ऑगस्टमध्ये आले की बघू. तोवर मावशीला सांगा, फोटो मिळाला.

रोझरीत माझं नाव घेता ना? आजीच्या कबरीवर इस्टरच्या आधी एक मेणबत्ती माझ्याकडून लावा. गेल्या वर्षीही मीच सांगितलं होतं, माहीत आहे.

तुमची,
मोठी

ता. क. २९ मार्चपासून इथलं घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे अंतर साडेतीन तासांचं होईल. रविवारी तुमच्या रात्री नऊलाच फोन करेन, लवकर झोपू नका. आणि आई, गुरुवारी ताटली वेदीवर ठेवलीस की एक फोटो पाठव, हिरवी झाली असली तरी पाठव.