तिसरा फोटोही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीच्या पहिल्याच पानावर ‘21 दिवसांत 8 किलो!’ असा मथळा होता. खाली एका बाईंचे दोन फोटो होते, एक ‘आधी’चा आणि एक ‘नंतर’चा. ते पान मी बराच वेळ हातात धरून बसले होते, कारण तसाच ‘नंतर’चा एक फोटो माझाही आहे. वजन कमी करून देणाऱ्या एका केंद्राने तो काढला आणि आपल्या भिंतीवर लावला. 21 दिवसांत मी 81 किलोंवरून 74 वर आले होते. पुढच्या नऊ महिन्यांत माझं वजन 84 झालं. तेव्हाचा फोटो काढायला कोणी बोलावलं नाही.

त्या 21 दिवसांत मी दिवसाला जेमतेम 800 कॅलरी खात होते. दुपारी तीनच्या सुमारास खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी एका कार्यालयात हिशेबनीस आहे. ज्या बेरजा एरवी नजरेनेच होतात, त्या तेव्हा दोन-दोनदा तपासाव्या लागायच्या. पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो उतरले तेव्हा आनंदाने रडायचीच बाकी राहिले होते. त्या साडेतीन किलोंत मोठा वाटा पाण्याचा होता, हे मला फार उशिरा कळलं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवतं आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपासमार झाली की हा साठा आधी संपतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. नीट जेवायला लागलं की दोन्ही परत येतात. तीन महिन्यांनी विंचरताना फणीत केसांचे पुंजके यायला लागले, तेव्हा त्याचा संबंध त्या उपासमारीशी असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

वजन परत वाढलं तेव्हा मी स्वतःलाच दोष दिला. मनाची ताकद कमी पडली, जिभेवर ताबा नाही, असंच मला वाटायचं आणि घरातही कोणी वेगळं बोलत नव्हतं. लग्नसमारंभ टाळायला लागले. फोटो काढायची वेळ आली की मागच्या रांगेत जायचे. दीड वर्ष वजनकाटा पलंगाखाली सरकवून ठेवला होता. अशा मथळ्यांमुळे माझ्यासारख्या किती जणी आज ही शरम एकट्याने सोसत असतील, या विचाराने हे पत्र लिहायला बसले.

हा ‘21 दिवसां’चा आकडा आला कुठून, तेही वाचकांना कळायला हवं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘किमान’ गळून पडलं आणि कोणतीही सवय 21 दिवसांत लागते, असं जो तो सांगायला लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर याचा अभ्यास केला. एखादी गोष्ट आपसूक व्हायला त्यात साधारण 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसं बिघडत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! केंद्रात एक दिवस चुकला की वहीवर लाल फुली मारायचे आणि सगळ्यांसमोर कारण विचारायचे.

मी पुन्हा सुरुवात केली ती डॉक्टरांमुळे. रक्ततपासणीत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा) 6.2 आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता चांगलीच बोलणी खावी लागणार अशा तयारीने मी गेले होते. डॉक्टरांनी कागदावर फक्त ‘6 किलो, एक वर्ष’ एवढंच लिहून दिलं. अमेरिकेत 3,234 लोकांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीबद्दल त्यांनी सांगितलं. ते सगळे माझ्यासारखेच उंबरठ्यावरचे लोक होते. त्यातल्या एका गटाला वजन 7 टक्क्यांनी कमी करण्याचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करण्याचं उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची गोळी घेणाऱ्यांत ते 31 टक्क्यांनी घटलं. 84 किलोंचे 7 टक्के म्हणजे सहा किलोंनाही थोडे कमीच. घरी येताना खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. सहा किलो मला झेपणार होते.

एक साधी वही घेतली. नियम ठरवला की एका वेळी एकच बदल, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.

पहिला बदल साखरेचा. मी दिवसातून पाच कप चहा घ्यायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चहाच्या चमच्यात सुमारे चार ग्रॅम, म्हणजे नुसत्या चहातून 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार 2,000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत हवी, आणि 25 च्या आत राहिली तर आणखी चांगलं. केंद्रात साखर एका दिवसात बंद केली होती आणि चौथ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली होती. या वेळी दर महिन्याला पाव चमचाच कमी केला. पहिल्या महिन्यात फरक कळलाच नाही. दुसऱ्या महिन्यात पहिले चार-पाच दिवस चहा जरा अगोड लागला, मग तोच बरा वाटायला लागला. सहा महिन्यांत अर्ध्या चमच्यावर आले. एका संध्याकाळी लेकीने जुन्या मापाने चहा करून दिला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला, तो घशाखाली उतरेना. ती म्हणाली, ‘आई, अगं तुझाच चहा आहे हा.’ माझी जीभच बदलली होती, आणि बदलताना मला त्रास झाला नव्हता. आता तीन कप होतात, प्रत्येकी अर्धा चमचा.

दुसरा बदल जिन्याचा. आमचं कार्यालय पाचव्या मजल्यावर आहे. पहिला महिना लिफ्टने चौथ्यापर्यंत जायचे आणि एकच मजला चढायचे. तेवढ्यानेही धाप लागायची. कठड्याला धरून उभी राहायचे, पर्समधून काहीतरी शोधतेय असं दाखवायचे. पुढच्या महिन्यात तिसऱ्यावर उतरले, त्यानंतर दुसऱ्यावर. उजवा गुडघा दुखायचा म्हणून डॉक्टरांनी उतरताना मात्र लिफ्ट वापरायला सांगितली होती. गुडघ्यावर उतरताना जास्त ताण येतो, आणि तो सल्ला मी अजून पाळते. पाचव्या महिन्यात तळापासून चढून वर गेले आणि जागेवर बसून संगणक सुरू केला. अर्ध्या तासाने ध्यानात आलं की आज आपण मध्ये कुठे थांबलोच नाही. गुडघ्याच्या संधिवातावरचा 2005 चा एक अभ्यास सांगतो की, एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. माझे आतापर्यंत 15 किलो उतरले आहेत. गुणाकार वाचकांनीच करावा.

चालण्याबद्दलही लोकांना उगाच धास्ती घातली जाते. रोज 10,000 पावलं झालीच पाहिजेत, हा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. ‘मानपो-केई’ म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. मी मोजायला सुरुवात केली तेव्हा माझी दिवसाची 2,900 भरली. पुढे 2019 चा एक अमेरिकी अभ्यास वाचनात आला. सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांची पावलं मोजली होती. दिवसाला सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि 7,500 नंतर फायदा फारसा वाढत नव्हता. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे मान्य. पण 2,900 वरच्या बाईला 4,400 चा आकडा गाठता येण्यासारखा वाटतो. 10,000 ऐकून ती बूट परत कपाटात ठेवते.

ताटात निम्मी जागा भाजीला आणि रात्री अकराच्या आत अंथरुणात, हे आणखी दोन बदल. तेही असेच सावकाश झाले.

हिशेबनीस असल्याने सुरुवातीला मला वाटायचं की शरीराची रोजकीर्द सरळ असणार. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, तेवढ्या वाचवल्या की एक किलो वजा. पण ही कीर्द तशी जुळत नाही. जमेची बाजू कमी केली की खर्चाची बाजू आपोआप आकसते. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. उतरलेल्या वजनातलं बरंचसं परत आलं होतं. विश्रांतीत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तीही अपेक्षेपेक्षा दिवसाला जवळपास 500 कॅलरींनी कमी राहिली होती. ते वाचलं त्या रात्री, माझं वजन परत का वाढलं याचा दोष मी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यावरून उतरवून ठेवला.

सावकाश जाणाऱ्याचंही वजन अडतंच. माझं 76 किलोंवर तब्बल पाच महिने अडलं होतं. काट्यावर रोज एखाद-दीड किलो खालीवर होतं, जास्त मीठ खाल्लं तरी होतं. म्हणून मी चार आठवड्यांची सरासरी काढते आणि महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजते. त्या पाच महिन्यांत कंबर तीन सेंटीमीटरने कमी झाली. टेप हाताशी नसती तर मी सगळं सोडून दिलं असतं.

मध्येच आई आजारी पडली. पाच आठवडे दवाखाना आणि घर. चालणं बंद, जेवायच्या वेळांचा पत्ता नाही. वहीची ती पानं कोरी आहेत. सहाव्या आठवड्यात फक्त दहा मिनिटं चालले आणि तेवढंच लिहिलं, ‘10 मि.’ जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आपल्या शिफारशींतून सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली आहे, त्यामुळे दोन मिनिटं लिहिली असती तरी चाललं असतं. त्या कोऱ्या पानांवर मी फुल्या मारल्या नाहीत.

आज 31 महिने झाले. वजन 69 किलो, एचबीए1सी 5.6. महिन्याला सरासरी अर्धा किलोसुद्धा नाही. असा आकडा मथळ्यात शोभत नाही, हे मला कळतं. काहींना औषधांची किंवा शस्त्रक्रियेची गरज असते, आणि त्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करावं. थायरॉइड असो, काही गोळ्या असोत, शिफ्टची नोकरी असो, सगळ्यांची वाट एकसारखी नसते. माझी तक्रार मुदतीच्या मथळ्यांबद्दल आणि अर्धवट सोडलेल्या गोष्टीबद्दल आहे.

म्हणून कळकळीची विनंती. यापुढे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो छापाल तेव्हा दोन्हींखाली तारीख छापा. त्या व्यक्तीशी संपर्क ठेवा आणि दोन वर्षांनी, तिची संमती असेल तर, तिसरा फोटो त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापा. वजन वाढलेलं असलं तरी छापा आणि का वाढलं ते तज्ज्ञांकडून समजावून द्या. दिवसाला 800 कॅलरींचे तक्ते डॉक्टरांच्या देखरेखीची सूचना दिल्याशिवाय छापू नका, जाहिरातींतले सुद्धा. आणि महिन्यातून एकदा तरी अर्धा किलोवाल्यांसाठी थोडी जागा ठेवा.

सुरुवात माझ्यापासून करायला हरकत नाही. सोबत माझे तीन फोटो पाठवत आहे, तिन्हींच्या मागे तारीख आणि वजन लिहिलं आहे. वहीच्या त्या पाच कोऱ्या आठवड्यांची आणि ‘10 मि.’ लिहिलेल्या पानाची छायाप्रतही जोडली आहे. जागा कमी पडली तर फोटो वगळा, ते पान मात्र छापा.

आपली नम्र,
एक हिशेबनीस वाचक (वय 52)