‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ विद्यार्थ्याच्या हातचेच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांचा हंगाम आला की नागपूरच्या धरमपेठ, रामदासपेठ आणि सीताबर्डी भागातील मार्गदर्शन केंद्रांमध्ये पालकांची ये-जा वाढते. अर्जासोबत जोडायचे ‘पर्सनल स्टेटमेंट’ किंवा ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे हा अभ्यासक्रम आपल्याला का शिकायचा आहे हे सांगणारे विद्यार्थ्याचे निवेदन, यांपैकी काही केंद्रांत चक्क ‘करून मिळते’. विद्यार्थ्याने एक फॉर्म भरायचा, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स द्यायच्या आणि आठवडाभराने गुळगुळीत इंग्रजीतली दोन पाने घेऊन जायची. मी निवृत्त प्राध्यापिका असून ओळखीपाळखीची मुले अजूनही असे मसुदे वाचून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. ते वाचताना जी काळजी वाटते, ती पालकांपर्यंत आणि महाविद्यालयांपर्यंत पोहोचावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

या मसुद्यांची सुरुवात बहुधा ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाची विलक्षण ओढ होती’ अशा अर्थाच्या वाक्याने होते, मधे एखाद्या थोर माणसाचे वचन येते आणि शेवटी ज्या विद्यापीठाला अर्ज करायचा त्याच्या लौकिकाची स्तुती असते. विद्यार्थ्याचे नाव खोडून दुसऱ्याचे घातले, तरी एक अक्षरही बदलावे लागू नये, असा हा मजकूर असतो. तो वाचणारी माणसे मात्र त्याच विषयाचे अध्यापक किंवा प्रवेशाचे काम वर्षानुवर्षे करणारे अधिकारी असतात आणि असली वाक्ये त्यांनी हजारदा वाचलेली असतात. ब्रिटनमधील पदवी प्रवेशांचे अर्ज ‘युकास’ या संस्थेमार्फत जातात. 2007 साली या संस्थेने सुमारे 50 हजार अर्जांतील निवेदने संगणकाने ताडून पाहिली, तेव्हा आठव्या वर्षी रसायनांचा खेळ करताना आपल्या पायजम्याला भोक पडल्याची एकच हकिकत तब्बल 234 अर्जदारांनी स्वतःची म्हणून लिहिल्याचे उघड झाले. निवेदनांची अशी पडताळणी आज नित्याची झाली असून, साम्य आढळल्यास ते संबंधित विद्यापीठांना कळवले जाते. निवेदन दुसऱ्याकडून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून जसेच्या तसे घेतलेले नाही, अशी ग्वाहीही अर्जदाराला द्यावी लागते. पैसे मोजून आपण मुलाला खोटी ग्वाही द्यायला लावतो आहोत की काय, हे रक्कम कितीही असो, पालकांनी एकदा स्वतःला विचारावे.

प्रत्येक ठिकाणी मागणी वेगळी असते, हेही येथे फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी ‘कॉमन अ‍ॅप’ या अनेक विद्यापीठांच्या सामायिक अर्जावर लिहायचा निबंध 250 ते 650 शब्दांचा असतो आणि त्यात विद्यार्थी माणूस म्हणून कसा आहे, हे पाहिले जाते. ब्रिटनमध्ये भर विषयावर असतो. तेथे 2026 च्या प्रवेशापासून एकसलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत: हाच विषय का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले, ते का उपयोगी आहे. तिन्ही उत्तरांना मिळून, मोकळ्या जागा धरून, 4000 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि प्रत्येक उत्तर किमान 350 चिन्हांचे हवे. शिवाय हे एकच निवेदन अर्जात निवडलेल्या पाचही अभ्यासक्रमांना जात असल्याने त्यात एखाद्या विद्यापीठाचे गुणगान करण्यात काहीच हशील नाही. पदव्युत्तर अर्जाचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ आणखी निराळे. त्यात पुढे नेमका कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे, हे सांगावे लागते. एकाच साच्यातून ही तिन्ही कामे काढून देणाऱ्याने त्यांपैकी एकही नीट केलेले नसते.

काटोल तालुक्यातील एक विद्यार्थी कृषी पदवीनंतर नेदरलँड्समध्ये वनस्पती रोगशास्त्र शिकण्यासाठी अर्ज करत होता. विकत घेतलेल्या मसुद्यात त्याला ‘शेतीविषयी बालपणापासून जिव्हाळा’ होता आणि ‘जगाची अन्नसुरक्षा’ हे त्याचे स्वप्न होते. मी ती पाने बाजूला ठेवली आणि घरच्या बागेबद्दल मराठीतच विचारत गेले. तेव्हा कळले, की आंबिया बहाराची संत्री ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गळू लागली की हा मुलगा दर रविवारी ठरावीक झाडांखालची फळे मोजून वहीत लिहीत असे. धुऱ्याकडच्या खोलगट भागात, जेथे पाऊस उघडल्यावरही पाणी साचून राहते, तेथील झाडांखाली गळ सातत्याने जास्त होती. वडील सांगत, पाण्याने मुळ्या गुदमरतात. कृषी सेवा केंद्रवाला बुरशीचे औषध देई. दोघांपैकी खरे कोण, की साचलेल्या पाण्यामुळेच बुरशीला वाव मिळतो, हे त्याला जाणून घ्यायचे होते. या वहीचा त्या दोन पानांत उल्लेखही नव्हता, कारण फॉर्ममध्ये तशी चौकटच नव्हती. नंतर त्याने लिहिलेल्या निवेदनाचे पहिलेच वाक्य त्या खोलगट भागाबद्दल होते. इंग्रजी साधे होते, दोन-तीन ठिकाणी अडखळणारेही होते. पण प्राध्यापकाला पुढे चार प्रश्न विचारावेसे वाटतील, असे ते निवेदन होते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आपल्या इंग्रजीची धास्ती वाटते आणि नेमकी तीच धास्ती या व्यवसायाचे भांडवल आहे. या मुलांनी पहिला खर्डा बेधडक मराठीत लिहावा, असे माझे ठाम मत आहे. काय सांगायचे ते एकदा ठरले, की भाषा सुधारून देणारा शिक्षक कोठेही मिळतो. ज्यांच्या घरातून यापूर्वी कोणी पदवीही घेतलेली नाही, अशा मुलांसाठी तर हा प्रश्न फार मोठा आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना परदेशातील शिक्षणाचा खर्च देते. पण त्यासाठी आधी नामांकित विद्यापीठाचा प्रवेश हाती असावा लागतो आणि त्या प्रवेशाच्या वाटेवर हे निवेदन उभे असते. महागडे मार्गदर्शन न परवडणारा विद्यार्थी येथेच मागे पडतो.

वास्तविक हा विषय आपल्याकडे शिकवला जात नाही, असेही म्हणता येत नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’ पाठ्यपुस्तकात ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ हा लेखनप्रकार आहे. परंतु परीक्षेपुरता गाईडमधील नमुना पाठ करून घेतला जातो आणि वर्गातील साठ मुले एकच महत्त्वाकांक्षा उत्तरपत्रिकेत उतरवतात. कनिष्ठ महाविद्यालयांनी हा घटक शिकवताना नमुना बाजूला ठेवून प्रत्येक मुलाकडून त्याने स्वतः केलेल्या, पाहिलेल्या एका गोष्टीवर एक पान लिहून घ्यावे. परीक्षकांनीही पाठ केलेल्या उत्तराला आणि स्वतःच्या उत्तराला सारखेच गुण देऊ नयेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांमध्ये निवेदने वाचून प्रश्न विचारणाऱ्या अध्यापकांसाठी आठवड्यातून एक तास राखून ठेवावा. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. मात्र अध्यापकाने हातात पेन घेऊन वाक्ये बदलत बसू नये. ‘हे तू कधी केलेस, त्यात काय दिसले’ एवढेच विचारत राहावे.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधील वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या अर्जांची मुदत 15 ऑक्टोबरला संपते, तर विदर्भातील महाविद्यालये उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. म्हणून हा तास दिवाळीनंतर नव्हे, जुलैपासून सुरू व्हावा, म्हणजे मुलांना तीन-चार खर्डे करण्यास पुरेसा अवधी मिळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर