मंत्रीमहोदय, जाळ्यात आलेला कचरा उतरवायचा कुठे?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

आमची डोल जाळ्याची मासेमारी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीकडे तोंड करून सोडायचं आणि ओढ मंदावली की वर घ्यायचं. जवळा, मांदेली, बोंबील येतात. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर नद्यांनी मुंबईतून वाहून आणलेलंही सगळं येतं. प्लास्टिकबंदी २०१८ सालीच झाली म्हणतात. आमच्या जाळ्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

सगळ्यात छळतो तो दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा, पातळ, ओला झाला की जवळ्यात दिसतच नाही. शाम्पूच्या पुड्या परवडल्या, रंगावरून कळतात तरी. बायका सुपात जवळा घेऊन असे तुकडे वेचत बसतात आणि तोवर बाजाराची वेळ टळते.

बरं, वेचला कचरा. पुढे? बोटीवर आधीच बर्फ, मासळी, दोरखंड. बंदरावर उतरवला तर तो उचलायचा कोणी, यावर खात्याखात्यांत टोलवाटोलवी. मग बराचसा परत पाण्यात जातो आणि पुढच्या ओढीला दुसऱ्या कुणाच्या तरी जाळ्यात शिरतो. किनारा साफ करायला माणसं येतात, फोटो निघतात, चांगलंच आहे. पण उधाण आलं की किनारा पुन्हा भरतो.

केरळने यावर २०१७ साली उपाय सुरू केला. कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात ‘शुचित्व सागरम्’ योजनेत बोटींना पिशव्या दिल्या. जाळ्यात आलेलं प्लास्टिक मच्छीमारांनी बंदरावर आणायचं, तिथे ते धुऊन, बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरायचं. निवडायच्या कामावर बायका घेतल्या. यात न जमण्यासारखं काय आहे?

आणि हो, सगळा दोष शहराचा नाही. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या समुद्रात कचऱ्याचा जो प्रचंड पट्टा तरंगतो, त्यात वजनाने जवळजवळ निम्मी मासेमारीची जाळीच निघाली, असं २०१८ च्या अभ्यासात आहे. आपल्याकडेही फाटलेलं नायलॉनचं जाळं विकत घ्यायला सहसा कोणी येत नाही. तुटून समुद्रात राहिलेलं जाळं मात्र मासे, कासवं मारतच राहतं. पॅकिंगच्या प्लास्टिकची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी कंपन्यांवर टाकली, त्यात जाळी नाहीत. युरोपीय संघाने २०१९ मध्येच ही जबाबदारी जाळी बनवणाऱ्यांवरही टाकायचं ठरवलं. हा विषय दिल्लीचा आहे, पण तिथे तो मांडायचं काम आपलं.

प्लास्टिकवरच्या जगाच्या कराराची वाट बघण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात सगळे देश बसले आणि करार न करताच उठले. आपल्या हातातलं तेवढं करा. प्रत्येक मासळी बंदरावर कचरा आणि जुनी जाळी उतरवायला पक्की जागा, वजनकाटा, आणि किलोमागे काही पैसे. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई हेच सरकार २०१८ पासून देतं, आणि त्यामुळे मच्छीमार कासवं सोडतात. म्हणजे पैसे द्यायची रीत आहे, आमच्यावर विश्वास ठेवायची सवयही आहे.

१ जूनपासून मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात. त्या दोन महिन्यांत एका बंदरावर तरी सुरुवात करा. बंदर कोणतं ते आपण ठरवा, आमची मच्छीमार सोसायटी माणसं देईल.

आपला,
एक डोलकर