तारीख आधी ठरते, काम नंतर कळतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. आपल्या पेपरात आयटीतल्या ताणाबद्दल परवा जे छापून आलं ते बरोबरच आहे, पण सगळा दोष रात्रीचे कॉल आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकवर टाकलाय ते काही पटलं नाही. मी बरीच वर्षं कोड लिहितोय, आता टीमही बघतो, आणि आमच्याकडे खरा ताण येतो तो तारखेमुळे. ती तारीख ठरते कधी, तर क्लायंटला नक्की काय हवंय हे त्याला स्वतःलाच धड माहीत नसतं तेव्हा. मुलगी बघायच्या आधीच हॉल बुक करायचा तसला प्रकार.

मग स्प्रिंट प्लॅनिंग, म्हणजे पुढच्या एक-दोन आठवड्यांत काय करायचं ते ठरवायची मीटिंग. तिथे प्रत्येक कामाला पॉइंट द्यायचे असतात ते काम किती अवघड आणि किती अंधारातलं आहे याचा अंदाज म्हणून, पण मॅनेजर एक्सेल उघडतो आणि म्हणतो, पाच पॉइंट म्हणजे अडीच दिवस धरूया. झालं, अंदाजाचं वचन झालं! मागे आमच्यातली एक हुशार पोरगी दोन-तीन दिवस एकाच बगमागे, म्हणजे कोडमधल्या चुकीमागे होती, तारीख लिहिताना दिवस आधी की महिना आधी एवढाच घोळ, शेवटी बदलली एकच ओळ. त्या दिवसांना टाइमशीटमध्ये रकानाच नाही, रिसर्च लिहिलं तर वरून विचारणार बिलेबल आहे का, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल का. आणि किती वेळ लागेल ते बग सापडायच्या आधी सांगणार तरी कोण?

हे काही आजचं नाही हो. वॉटरफॉल म्हणजे सगळ्या मागण्या आधी, मग डिझाइन, मग कोड, मग टेस्टिंग अशी एकामागून एक पायऱ्यांची पद्धत. तिची ती प्रसिद्ध आकृती विन्स्टन रॉइसने 1970 साली काढली आणि असं करणं धोक्याचं आहे हेही तिथेच लिहिलं, लोकांनी आकृती तेवढी उचलली. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने 1975 मध्येच सांगितलं की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की अजून उशीर होतो, तरी आजही डेडलाइन हुकायला लागली की बेंचवरची, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेली पोरं आणून बसवतात आणि जुने लोक त्यांना शिकवण्यातच अडकतात. अमेरिकन सरकारची आरोग्य विम्याची साइट 1 ऑक्टोबर 2013 ला अगदी ठरल्या दिवशी सुरू झाली, पहिल्या दिवशी विमा घेता आला 6 जणांना. तारीख पाळली म्हणायची!

तारखाच नकोत असं माझं म्हणणं नाही, पैसे क्लायंटच देतो. तारीख पक्की ठेवायची तर त्यात काय काय बसवायचं ते मोकळं ठेवा, दर दोन आठवड्यांनी चालणारं काहीतरी वापरणाऱ्याच्या हातात द्या आणि तो काय म्हणतो ते ऐकून पुढचं ठरवा. सरकारी कामात बऱ्याचदा उलटंच, सगळ्या मागण्या टेंडरमध्येच बांधलेल्या आणि काउंटरवरच्या क्लार्कला स्क्रीन पहिल्यांदा दिसते ती ट्रेनिंगच्या दिवशी.

पुढच्या वेळी आयटीवर लिहाल तेव्हा या तारखा कोण ठरवतं तेवढं जरा विचारून बघा. एचआरला नको, सेल्सवाल्यांना विचारा.

– एक वाचक, पुणे