वैशूस, चिकूच्या कागदांबद्दल

मिरज

चि. सौ. वैशूस,
अनेक आशीर्वाद.

परवा "अण्णा, आता तो विषय नको" म्हणून तू फोन ठेवलास. मीही ठरवलं होतं, नकोच. पण तुझी आई रात्री उठून बसते आणि मलाच विचारते, म्हणून लिहितोय. आधी सांग, चिकूच्या पोटाचं काय? या सोमवारी दुखलं का?

रिपोर्टात ऑटिझम नाही निघालं. तुम्हाला हायसं वाटलं, आम्हालाही. आईनं गणपतीपुढे नारळ फोडला. पण त्यानंतर सगळेच मोकळे झाल्यासारखे वागतायत. शाळा म्हणते, निदान नाही तर रिसोर्स रूम, म्हणजे जादा मदतीचा तो वेगळा वर्ग, नाही. श्रीकांतराव म्हणतात, मग हा निव्वळ आळस, लावा ॲबॅकस. अगं, ऑटिझमची तपासणी झाली म्हणजे वाचनाची झाली का? पोरगा नजर देतो का, हाकेला वळतो का, इतरांत कसा मिसळतो हे त्यांनी पाहिलं. धडा वाचायला दिला होता का? तूच म्हणालीस, नाही. एक नाव खोडलं गेलं, एवढंच. फाइल बंद झालेली नाही.

मे महिन्यात मी पाहिलंय ना. झोपाळ्यावर बसून पावसावर चार ओळी लिहीत होता. एकाच पानावर पाऊस तीन तऱ्हेचा: पाउस, पउास, पाऊश. घरचं धर, भाकरीची माकरी. वाचताना ओळीखाली बोट धरायचा आणि ओळ संपली की बोट पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला. त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून मला म्हणाला, "आजोबा, फ्लोटचा दांडा वाकलाय, म्हणून पाणी वाहून जातंय." प्लंबर बघून गेला होता, त्याला दिसलं नव्हतं. दांडा सरळ केला आणि गळती थांबली. शेजारच्या नानांना मी ते अजून ऐकवतोय. त्या पोराला आळशी कोण म्हणतं?

मी जन्मभर तहसीलमध्ये फायली हलवल्या, त्यामुळे कायदा काढून वाचला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम हा एक आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातच अडणं, हा वेगळा, स्वतंत्र. एक नसेल तर दुसरा नाही, असं कुठंही लिहिलेलं नाही. उलट कलम 16 म्हणतं, अशी मुलं शाळांनी लवकरात लवकर हेरावीत आणि त्यांना जमेल तसं शिकवावं. कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. सोडायची वेळ आली तर ती भाषा मराठी नसावी, असं मला आपलं वाटतं. पण परीक्षा त्याची आहे, माझी नव्हे.

खासगी रिपोर्टानं वर्गापुरतं भागेल, बोर्डाला मात्र सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाचा दाखला लागतो. तुम्हाला सायनचं लोकमान्य टिळक सोयीचं. केईएम आणि नायरलाही करतात. आठ पूर्ण झाल्याशिवाय दाखला देत नाहीत, चिकूला नववं चालू आहे, म्हणजे आत्ताच वेळ आहे. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. एका फेरीत उरकत नाही. बुद्ध्यांक 70 ते 84 च्या मधल्या पट्टीत आला तर हा दाखला मिळायला अडचण येते, तेही आधीच ठाऊक असू दे. म्हणजे पुन्हा 'हे नाही आणि तेही नाही'. तसं झालं तरी मदत मागायची थांबू नकोस.

आणि काही गोष्टींना दाखला लागतच नाही. पहिला बाक. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी बाईंच्या टिपणाची झेरॉक्स. तोंडी उत्तर चालवून घेणं. वर्गासमोर मोठ्यानं वाचायला उभं न करणं. सोमवारचा पहिला तास वाचनाचा असतो, हे तोच मला म्हणाला. तुला सांगितलंय का त्यानं? मुख्याध्यापकांना अर्ज लेखी दे, दोन प्रतींत, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घे. गेटवर बाईंशी बोललीस ते कुठल्या फायलीत लागत नाही.

बघ, सुरू झालं माझं भाषण. तुझी नोकरी, लोकलची गर्दी, सासूबाईंचं डायलिसिस, त्यात मी कलमं सांगतोय. राग मानू नकोस. तू त्याच्याशेजारी बसून रोज रात्री दहा-दहापर्यंत गृहपाठ करून घेतेस ते आईनं मला सांगितलंय. माझ्याच्यानं झालं नसतं.

दिगूकाकाचं काढणार नव्हतो. सातवीत दप्तर विहिरीत टाकून तो गेला, पुढचं तुला माहीतच आहे. तुला हे माहीत नसेल की पोस्टात मनीऑर्डरचा फॉर्म आला की तो मला, धाकट्याला, हाक मारायचा आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणायचा, "चष्मा घरी राहिला." त्याला चष्मा नव्हताच. साऱ्या गल्लीचे रेडिओ तो दुरुस्त करायचा. आमच्या वडिलांचा पट्टा दाराच्या खिळ्याला असायचा. श्रीकांतराव हात उचलतात असं मी म्हणत नाही. चांगला माणूस आहे तो. पण ॲबॅकस जमलं नाही की ते काय म्हणतील आणि पोरगा सोमवारी पोट धरून बसला की त्याला कोण काय म्हणेल, हेच डोक्यात फिरतंय.

चिकूच्या वह्या रद्दीत घालू नकोस, गेल्या वर्षीच्याही. लाल शेऱ्यांच्या तर मुळीच नको, तपासणीला त्या बघतात. प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स काढून ठेव. केस पेपरची रांग सकाळी लवकर लागते. तुला रजा मिळत नसेल तर मी येतो, रांगेत बसायची मला सवय आहे. तारीख कळली की महालक्ष्मीचं तिकीट काढतो. कल्याणला उतरून लोकलनं डोंबिवलीला येईन, श्रीकांतरावांना स्टेशनवर पाठवू नकोस.

तुझे,
अण्णा