पाणी किती लागतं ते आधी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या हॉर्सशू कॅन्यन या दरीवरचा लेख वाचला आणि रात्री नीट झोप आली नाही. ‘दोन तासांची निवांत पायपीट, एक बाटली पाणी पुरतं’ असं कुणी कसं लिहू शकतं आणि तुम्ही ते छापता कसं? जाऊन येऊन ११ किलोमीटर आहे ते! आधी जवळपास २४० मीटर खाली उतरायचं, मग घोटा रुतेल अशा वाळूतनं चालायचं आणि जेवढं उतरलो तेवढं सगळं शेवटी दमल्यावर चढायचं.

मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये लेकीकडं गेलो होतो तेव्हा जावयांनी आम्हा दोघांना तिथं नेलं. हायवे सोडला की ५० किलोमीटरच्या आसपास कच्चा रस्ता, मोबाईलला रेंज नाही, गाडी लावतो तिथं पाणी मिळत नाही. जावई म्हणत होते, बाबा अजून दोन बाटल्या घ्या, मी म्हटलं आम्ही बीडची माणसं, आम्हाला उन्हाचं काय सांगता, आणि त्या गाडीतच ठेवल्या. ती चूक माझी, मान्य आहे.

दरीतल्या जुन्या भित्तिचित्रांपाशी, ज्यांना ग्रेट गॅलरी म्हणतात, पोचलो तेव्हा मात्र सगळा शीण गेला. साठेक मीटर लांब भिंत, त्यावर गेरूसारख्या लाल रंगातल्या माणसाएवढ्या आकृत्या, काही तर त्याहून उंच, हात नाहीत, पाय नाहीत, खाली निमुळत्या होत गेलेल्या. त्यात मोठ्या डोळ्यांची एक फिकट आकृती, तिला तिकडं होली घोस्ट, म्हणजे पवित्र आत्मा, म्हणतात. सौ. म्हणाली, अहो ही तर घोंगडी पांघरून उभी राहिलेली माणसं, आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

परतीच्या चढावर तिचं पाणी संपलं. माझ्याकडं दोन घोट होते, तेही दिले. मग घाम यायचा थांबला, ओठ पांढरे पडले, दगडावर बसली आणि काय बोलतेय तेच कळेना. जावई वर पळाले, गाडीतल्या त्याच दोन बाटल्या आणायला, आणि ते येईस्तोवर मी टॉवेल धरून तिच्यावर सावली करत बसलो. तो पाऊण तास मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिथले पार्कवाले माणशी दिवसाला किमान १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी न्यायला सांगतात. ही एक ओळ छापायला तुमच्याकडं जागा नव्हती आणि लेखकाच्या फोटोला अर्धं पान?

त्या फोटोत ते भिंतीला तळहात टेकून उभेत. हाताचं तेल लागून चित्रं खराब होतात म्हणून तिथं हात लावायला सक्त मनाई आहे. वर ‘कोरीव चित्रं’ लिहिलंय, अहो ती रंगवलेली आहेत! अजिंठ्याला १० नंबरच्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रजानं खरडलेलं नाव अजून तसंच आहे, पितळखोऱ्याच्या लेण्यांतल्या खांबांवर रंग जेमतेम उरलेत. हे आपल्या लोकांना माहीत असताना असा फोटो छापवतो तरी कसा?

येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी दुरुस्ती द्या. आमच्या कॉलनीतली दोन जोडपी पुढच्या महिन्यात मुलांकडं अमेरिकेला निघालीत, लेखाचं कात्रण काल संध्याकाळीच माझ्याकडनं घेऊन गेलीत.

आपला,
एक जुना वाचक, बीड